अ जीवनसत्त्वाची सीट

पौर्णिमा थूल काय काम करते हे नालवाडीत तिच्या घरी कुणालाच धड सांगता येत नसे. शेजारणींनी विचारलं तर सुलोचनाबाई सरळ सांगायच्या, "आमची पोर्णिमा नागपूरले खडे बनवते." ऐकणाऱ्या बाईला वाटायचं अंगठीतले असतील, आणि मग ती आपल्या मुलीच्या लग्नासाठी भाव विचारायची.

खडे होते हे खरंच. पण ते इतके बारीक की भिंगाखाली शोधावे लागत, आणि ते होते एका प्रथिनाचे. माणसाच्या पेशीत असं एक प्रथिन असतं, ज्यावर अ जीवनसत्त्व येऊन बसतं. शास्त्रज्ञ त्याला रिसेप्टर म्हणतात. त्या रिसेप्टरमध्ये एक औषध बसवायचं, दोघांचा मिळून खडा तयार करायचा, त्यावर क्ष-किरण सोडायचे आणि कुठला अणू कुठं बसलाय ते शोधून काढायचं, एवढ्यासाठी पौर्णिमाने ऐन तिशी नागपूरच्या संस्थेत घालवली होती. खडे कधी यायचे, कधी नुसताच गाळ यायचा. लग्नाचं विचारणारे नातेवाईक एव्हाना दमले होते.

आणि मागच्या उन्हाळ्यात बापूरावांच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं.

बापूराव म्हणजे तिचे वडील, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. अंगावर निळे डाग उठले, दात घासले की वाटीभर रक्त. दवाखान्यात निदान झालं रक्ताच्या कॅन्सरचं. पण हा कॅन्सर असा की त्यावरचं मुख्य औषध अ जीवनसत्त्वापासूनच निघालेलं, आणि ते जाऊन बसतं ते पौर्णिमाच्या त्याच रिसेप्टरवर. जगात इतके रोग पडले असताना बापाला नेमका लेकीच्या विषयातला व्हावा, याला काय म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. बापूरावांना मात्र त्यात काही कौतुक नव्हतं. ते औषध घ्यायलाच तयार नव्हते.

"केमोनं माणूस मरते," ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले. "डेपोतले तीन जण पाह्यले मी."

तेव्हा पौर्णिमाने खाटेवर लॅपटॉप उघडला आणि आपलं ते रंगीत फितींचं चित्र बापाला दाखवलं.

"बाबा, ही समजा तुमची गाडी. हिच्यात एक सीट राखीव हाये, अ जीवनसत्त्वाची. इतकी मापात, का दुसऱ्या कोणाले बसताच येत नाई. हे औषध त्याच घरातलं, म्हणून ते बसते. ते बसलं का हा तुकडा पाहा, दरवाज्यावानी लागते. दरवाजा लागला का डबल बेल, गाडी सुटली. तुमच्या रक्तातली गाडी मधातच बंद पडली हाये. हे औषध तिले चालू करन."

बापूराव वळले. चष्मा मागून घेऊन त्यांनी चित्र पुन्हा नीट पाहिलं. सीट कुठली, दरवाजा कुठला, सगळं बोटाने विचारलं.

"म्हणजे व्हिटॅमिनच हाय म्हन ना," पायथ्याशी बसलेल्या सुलोचनाबाई म्हणाल्या.

पौर्णिमा थकलेली होती. बाप औषध घेतोय एवढंच तिला दिसत होतं. "हो, आई," ती म्हणाली, "व्हिटॅमिनच समज."

बापूरावांनी त्या रात्री गोळ्या घेतल्या आणि ते वाचले. दिवाळीपर्यंत सायकलवरून भाजी आणू लागले. आता दर काही महिन्यांनी पंधरवडाभर त्याच गोळ्या घ्यायच्या, रोग उलटू नये म्हणून. यावेळी मात्र त्यांचं डोकं इतकं दुखायला लागलं की डॉक्टरांनी गोळ्या निम्म्यावर आणल्या. त्यामुळे बऱ्याच उरल्या.

थर्टी फर्स्टच्या आधीचा रविवार होता. पौर्णिमा सकाळच्या गाडीने घरी आली होती. स्वयंपाकघरात ओल्या तुरीच्या दाण्यांच्या सोलेभाताचा वास सुटला होता आणि सुलोचनाबाई शेजारच्या तीन घरी वाट्या भरून पाठवायच्या तयारीत होत्या. या बाईच्या हातून काही दिल्याशिवाय कुणी गेलेलं नव्हतं. गॅस सिलिंडरवाल्याच्या हातीसुद्धा त्या लाडू ठेवत.

"आई, बाबांच्या उरलेल्या गोळ्या कुठं हायेत? दवाखान्यात वापस देऊन टाकते."

"त्या कुठच्या उरल्या आता? आकांक्षाले देल्या ना." झाऱ्याने भात हलवत त्या म्हणाल्या. "तिच्या तोंडावर पाह्य, तेज नाई. दोन जिवाची बाई, खाल्लेलं पोटात राह्यत नाई. म्हटलं एवढ्या महागाच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या, कपाटात पडून राह्यल्यापरीस लेकराच्या तरी अंगी लागतीन."

पौर्णिमाने ओट्याची कड धरली. आकांक्षा, रत्नदीपची बायको, तिची भावजय, तिला तिसरा महिना लागला होता.

त्या गोळ्यांच्या खोक्यावर गरोदर बाईचं चित्र असतं, वर लाल फुली. पण ते खोकं दवाखान्यातल्या कपाटात मावत नव्हतं म्हणून पहिल्याच दिवशी फाडून टाकलं होतं आणि तेव्हापासून गोळ्या बडीशेपेच्या स्वच्छ डबीतच भरल्या जात होत्या. आणि पेशंट म्हणजे साठी उलटलेला पुरुष. त्याला कोण सांगणार की गरोदरपणी घेऊ नका म्हणून?

पौर्णिमाला मात्र सांगायची गरज नव्हती. तिला दिसत होतं, हीच मोठी शिक्षा होती. पोटातल्या लेकरातही तीच सीट असते. जीवनसत्त्वाचा एखादा कण ठरल्या वेळी, ठरल्या जागी येतो, बसतो, दार लागतं, आणि तिथं हृदयाची भिंत उभी राहायला लागते. दुसरीकडे कान, तिसरीकडे टाळू. काम झालं की शरीर तो कण काढून टाकतं, सीट रिकामी करतं. सगळी घडण त्या वेळापत्रकावर. आणि ही गोळी आली की लोंढा येतो, सगळ्या सीटा एकदम भरतात, साऱ्या गाड्या एकाच वेळी सुटतात. त्या दाराचा कोन किती, औषधाचं शेपूट कुठल्या अणूला धरून बसतं, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. आज ते सगळं तिच्या डोळ्यांसमोर भावजयीच्या पोटात घडत होतं.

"किती दिवस झाले देऊन?"

"झाले असतीन आठ-पंधरा. काऊन वं?"

"त्या तिले चालत नाई, आई."

"व्हिटॅमिन काऊन चालत नाई?" सुलोचनाबाईंनी झारा खाली ठेवला. "तूच त म्हणे."

आकांक्षा कुठं आहे विचारलं तर कळलं, कालच आपल्या भावासोबत पवनारला माहेरी गेली, डबीही घेऊन गेली. फोन लावला तर बंद. रत्नदीप जिल्हा परिषदेतल्या कामासाठी रविवार असूनही बाहेर होता. पौर्णिमाने स्कूटीची किल्ली उचलली. मागून आईचा आवाज आला, "भात त खाऊन जाय!" ती थांबली नाही.

पवनार काही लांब नाही, पण त्या दिवशी नागपूर रोड संपता संपेना. ती मनाशी एकच गोष्ट घोकत होती, घेतल्या नसतील. आकांक्षाला उलट्या होतात, एकही गोळी टिकली नसेल. किंवा विसरली असेल. माणसं गोळ्या विसरतात, अर्धा देश विसरतो. तेवढ्यात मागून ट्रक इतका जवळून गेला की स्कूटी लटपटली.

आकांक्षाची आई रुख्मिणीबाई ओसरीवर तूर पाखडत होत्या. "जय भीम, या ना ताई! असं अचानक?" म्हणत त्या पाणी आणायला उठल्या. आकांक्षा अंगणात बाजेवर उन्हाला पडली होती. नणंदेला पाहताच ती दचकून उठली आणि तिने डोक्याला बांधलेला रुमाल पटकन काढून उशाखाली सारला.

"आकांक्षा, आईनं तुले ज्या गोळ्या देल्या, त्या घेतल्या का तू?"

"घेते ना, ताई," ती लगेच म्हणाली. "रोज घेते. एक दिवस चुकवला नाई."

पौर्णिमा मटकन बाजेच्या कडेवर बसली. आकांक्षाला काहीच कळेना. तिला वाटलं होतं, सासूने दिलेलं औषध सून घेते की नाही हे बघायला नणंद खास इथवर आली. आता उत्तर मनासारखं देऊनही हिचं असं काय झालं?

"ताई, काय झालं?"

"खरं सांग. आईचा विचार करू नको, माह्या करू नको. खरं सांग."

आकांक्षाने आत पाहिलं. रुख्मिणीबाई पाण्याचा तांब्या भरत होत्या. मग ती हळूच म्हणाली, "खोटं बोलली, ताई. चार-सहा दिवस घेतल्या. मंग डोकं असं दुखाले लागलं, का उजेड सहन होये ना. म्हणून सोडल्या. अजून अधूनमधून ठणकते. आईले नाई सांगतलं. एवढ्या मायेनं देल्या त्यायनं. आणि म्हणत होत्या, पौर्णिमानं सांगतलं हाये. तुमचं नाव घेतल्यावर मी काय म्हणू?" तिने पर्समधून बडीशेपेची डबी काढून पुढे केली. "रागावू नका."

डोकेदुखी. बापूरावांना झाली तीच. म्हणजे गोळी पोटात टिकली होती, रक्तात गेली होती, जिथं जायची तिथं गेली होती. पौर्णिमाने डबी मुठीत घेतली. क्षणभर तिला मोह झाला. काही नाही, आता घेऊ नको, एवढंच म्हणावं आणि उठावं. पण मग तिने सगळं सांगितलं. सीट नाही, दरवाजा नाही, गाडी नाही. हे औषध गरोदर बाईने घ्यायचं नसतं, त्याने बाळाच्या हृदयाला, कानांना, मेंदूला अपाय होऊ शकतो, उद्या सकाळी डॉक्टरकडे जायचं.

तांब्या घेऊन आलेल्या रुख्मिणीबाईंनी शेवटचं वाक्य ऐकलं. त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि लेकीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. आकांक्षा नखाने बाजेची सुतळी उकलत राहिली.

"आईले माहीत होतं?" तिने विचारलं.

"नाई. तिले मीच सांगतलं होतं, व्हिटॅमिन हाये म्हणून."

दुसऱ्या दिवशीच्या डॉक्टरीणबाई मोजकं बोलणाऱ्या होत्या. औषध आता शरीरातून गेलेलं आहे, त्या म्हणाल्या. प्रश्न ते होतं त्या दिवसांचा आहे. काही झालंय की नाही हे आज कुणालाच सांगता येणार नाही. काहीच न होता बाळ सुखरूप जन्मू शकतं आणि उलटही होऊ शकतं. पाचव्या महिन्यात मोठी सोनोग्राफी करू, बरंच दिसेल, सगळं दिसणार नाही. गर्भ ठेवायचा नसेल तर कायद्याने तसंही करता येतं. "निर्णय तुमचा," त्या आकांक्षाकडे बघून म्हणाल्या. रत्नदीपने तोंड उघडलं होतं, ते त्याने मिटलं.

"मी थांबते," आकांक्षा म्हणाली. "पाहू."

घरी आल्यावर मात्र रत्नदीपचा बांध फुटला. "तुले कोणं सांगतलं होतं डॉक्टरकी कराले?" तो आईवर ओरडला. "जे दिसलं ते उचलून देत सुटते! लाडू हायेत का ते?"

सुलोचनाबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. बापूराव खुर्चीत होते. ज्या गोळ्यांनी आपण जगलो त्यांनीच हे केलं, हे त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं. ते नुसते "अरे, अरे" करत राहिले.

"तिच्यावर ओरडू नको," पौर्णिमा म्हणाली. "तिच्या हातानं मीच देल्या त्या."

"तू चूप बस. तू त शास्त्रज्ञ."

हे त्याने रागाने म्हटलं, पण पौर्णिमाला ते लागलं, कारण त्यात चूक काही नव्हतं.

पुढचे दोन महिने त्या घराने कसे काढले ते त्या घरालाच ठाऊक. सगळ्यांचा जीव टांगणीला लागलेला आणि तोंडावर ते कुणी आणायचं नाही. पौर्णिमा दर शनिवारी यायची. नागपूरला तिचा खडा शेवटी चांगला आला होता. औषध सीटवर इतकं स्वच्छ बसलेलं दिसत होतं की सरांनी सगळ्यांना पेढे वाटले. तिने पेढा तोंडात ठेवला आणि बाहेर जाऊन थुंकला. संगणकावर ते चित्र ती फार वेळ उघडं ठेवत नसे. दाराचा तो तुकडा बंद झालेला बघणं तिला नकोसं झालं होतं.

सुलोचनाबाईंचं तर सगळंच थांबलं. शेजारी वाट्या जाईनात. सिलिंडरवाला आला तसा गेला. आकांक्षा परत आल्यापासून त्यांनी तिला आपल्या हाताने काहीच दिलं नाही. स्वयंपाक करायच्या, भांडी झाकून ठेवायच्या आणि मागच्या अंगणात जाऊन बसायच्या. सुनेने स्वतः वाढून घ्यावं. एकदा आकांक्षाला ठसका लागला. सुलोचनाबाईंनी पेला भरला, दोन पावलं पुढे आल्या आणि तो बापूरावांच्या हातात देऊन म्हणाल्या, "तुम्ही द्या."

सोनोग्राफीच्या दिवशी सगळेच दवाखान्यात आले. गर्भलिंग निदान केले जात नाही असं लिहिलेल्या पाटीखाली बाकावर ओळीने बसले. आत एकाच माणसाला सोबत नेता येईल, नर्स म्हणाली. रत्नदीप उठला.

"तुम्ही नका," आकांक्षा त्याला म्हणाली. "ताई चला."

आतली खोली अंधारी आणि गार होती. डॉक्टरीणबाईंनी पोटावर जेल लावलं, यंत्र फिरवायला सुरुवात केली आणि गप्प झाल्या. पडद्यावर राखाडी दाणे हलत होते. पौर्णिमाचं सगळं आयुष्य पुसट ठिपक्यांतून आकार ओळखण्यात गेलेलं, पण इथं तिला काही म्हणजे काही कळेना. एकदा पाठीचा कणा दिसल्यासारखा वाटला, मग तोही विरघळला. डॉक्टर एकाच जागी थांबल्या. यंत्र दाबलं, तिरकं केलं, पुन्हा तिथंच आणलं. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

आकांक्षाने पौर्णिमाचं मनगट पकडलं. "ताई, तुम्ही त हे औषध बसते त्या जागेचा फोटो काढता ना. तुम्हाले कळत असन. चांगलं हाये ना?"

'हो' हा शब्द पौर्णिमाच्या अगदी ओठावर होता. आयुष्यभर घरातल्यांना धीर द्यायला तिने असेच सोपे शब्द वापरले होते, आणि ते नेहमी चालले होते.

"मले नाई कळत, आकांक्षा," ती म्हणाली. "मले खरंच माहीत नाई. डॉक्टर पाहून राह्यल्या. मी इथंच हाओ."

आकांक्षाने मान हलवली. मनगट सोडलं नाही.

"बाळ पालथं होतं, म्हणून वेळ लागला," डॉक्टर शेवटी म्हणाल्या. "हृदयाचे चारही कप्पे व्यवस्थित आहेत. मोठ्या रक्तवाहिन्या जिथं निघायला हव्यात तिथूनच निघतायत. हा ओठ, अखंड आहे. हा एक कान. दुसऱ्यावर बाळाचा हात आहे, थांबा. हा बघा, हलवला. दुसराही आहे." मग त्यांनी यंत्र बाजूला ठेवलं. "जे दिसतं ते सगळं चांगलं आहे. पण जे दिसत नाही त्याची खात्री मी देणार नाही. ऐकू कसं येतं, पुढं शिकतं कसं, ते जन्मल्यावर आणि वाढल्यावरच. तेवढी काळजी तुमच्यासोबत राहील."

आकांक्षा रडायला लागली. पौर्णिमाने कागदाने तिच्या पोटावरचं जेल पुसलं, आणि पुसता पुसता तिलाही रडू फुटलं.

बाहेर आल्यावर रत्नदीपने दोघींच्या तोंडाकडे बघितलं आणि तो भिंतीला धरून उभा राहिला. पौर्णिमाने डॉक्टरांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, चांगलंही आणि न कळणारंही, दोन्ही. एकही शब्द तिने गोड केला नाही. बापूरावांनी डोळे मिटून हात जोडले. सुलोचनाबाई बाकाच्या टोकाला बसून होत्या. ऐकून झाल्यावर त्यांनी फक्त पदर तोंडाशी नेला.

आकांक्षा त्यांच्या शेजारी जाऊन बसली. "आई, मले लय भूक लागली. काल रातीपासून काही गेलं नाई पोटात. खायाले काय आणलं?"

सुलोचनाबाईंनी काहीच आणलं नव्हतं. घरून निघताना पिशवी रिकामीच घेतली होती. त्या गडबडून उठल्या, फाटकाबाहेर गाडीवर गेल्या आणि एक संत्रं घेऊन आल्या. बाकावर बसून त्यांनी ते सोललं, एकेक फोडीवरचे दोरे काढले, बिया काढल्या. फोड हातात घेतली, आणि तो हात मध्येच थांबला.

"पोर्णिमा," त्या लेकीकडे बघत म्हणाल्या, "देऊ का वं तिले? चालते का हे?"

एक संत्रं द्यायला आई तिची परवानगी मागत होती. पौर्णिमाने काही बोलायच्या आधीच आकांक्षाने सासूचं मनगट धरून ती फोड आपल्या तोंडाशी नेली आणि खाल्ली. मग दुसरीसाठी हात न लावता नुसतं तोंड पुढे केलं. सुलोचनाबाईंनी दुसरीही भरवली.